मालकच समजा

माझ्याबद्दलचे दोन कागद माझ्या मोबाईलमध्ये आहेत आणि दोन्ही मीच लिहिलेले आहेत. पहिल्याच्या डोक्यावर गणपती आहे. खाली माझी उंची, रास, रक्तगट, मामाचं गाव आणि ‘व्यवसाय: स्वतःचं ट्रॅक्टर व हार्वेस्टर वर्कशॉप, श्रीरामपूर’ असं लिहिलंय. दुसऱ्यावर गणपती नाही. त्यात मी त्याच वर्कशॉपात नऊ वर्षं पगारावर काम केलेला मेकॅनिक आहे. पहिला कागद मुलीवाल्यांसाठी, दुसरा कॅनडाच्या सरकारसाठी. हे दोन कागद कधी एकमेकांसमोर येतील असं मला वाटलं नव्हतं, कारण मुलीवाले राहुरी-नेवाशाकडचे आणि कॅनडा कुठल्या कुठे.

खरा कागद दुसरा. वर्कशॉप मिस्त्रींचं. त्यांना सगळेच मिस्त्री म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. श्रीरामपूरच्या बाहेर रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची मोठी शेड आहे. उसाचा सीझन लागला की तिथे ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ऊस तोडायची यंत्रं यांची अशी दाटी होते की बसवाले लांबूनच हॉर्न वाजवत येतात. आयटीआय करून मी तिथे लागलो तेव्हा मला पान्यांचे नंबर पाठ होते, बाकी काही येत नव्हतं. हायड्रॉलिकचं काम मिस्त्रींनी शिकवलं. पंपावर तळहात ठेवून तेल किती तापलंय ते सांगायचं, आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह अडकलाय ते ओळखायचं, आणि आपल्या हातून चूक झाली की यंत्राच्या मालकाला आपण होऊन सांगायची. हे शेवटचं मला जड गेलं. माझा स्वभाव तापट आहे आणि चूक माझी असली की तो जास्तच तापतो.

मिस्त्रींना दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. एक जावई शाळेत आहे, एक बँकेत. दोघंही सासऱ्याला भेटायला आले की पांढरे शर्ट सांभाळत शेडच्या दारातच उभे राहतात.

कॅनडाचं प्रकरण आयटीआयमधल्या एका मित्रामुळे सुरू झालं. तो श्रीरामपुरातच चर्चच्या मागच्या गल्लीत राहायचा. चार वर्षांपूर्वी तो तिकडे शेतीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला. तिथल्या मालकाने त्याला विचारलं, तुझ्यासारखा आणखी कुणी आहे का. त्याने माझं नाव सांगितलं. एका पहाटे व्हिडिओ कॉलवर माझी मुलाखत झाली. मालक बर्फात उभा होता आणि मी आमच्या गोठ्याशेजारी, कारण तिथेच रेंज येते. त्याने विचारलं की यंत्राचा दाब अचानक उतरला तर आधी काय बघशील. माझं इंग्रजी तिसऱ्या वाक्याला संपलं, तेव्हा मी मोबाईल गव्हाणीवर टेकवला आणि हातांनीच सगळं करून दाखवलं. तो माझ्या हातांकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला की हाच माणूस मला हवा.

मला जायचं होतं आणि त्याचं कारण लपवण्यात अर्थ नाही. नऊ वर्षं मान मोडून काम केलं तरी लग्नाच्या बाजारात मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. आणि सातासमुद्रापलीकडचा एक माणूस म्हणत होता, हाच हवा.

तिथली पद्धत अशी. कंपनीने सरकारला सांगायचं की या कामाला आमच्याकडे माणूस मिळत नाही, अमुक माणूस द्या. मग सरकारने त्या माणसाचं शिक्षण, इंग्रजी, तब्येत आणि अनुभव तपासायचा, आणि सगळं जमलं तर त्याला तिथे कायमचं राहायची परवानगी द्यायची. कायमचं म्हणजे काय, हे आईला सांगताना मी ‘येऊन-जाऊन’ असं सांगितलं. कंपनीने कागद बघायला एक वकीलबाई दिल्या होत्या. त्या तिकडच्याच, स्वभावाने शांत आणि ईमेलला तासाभरात उत्तर देणाऱ्या. त्यांनी पहिल्याच ईमेलमध्ये बजावलं की सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अनुभवाचं पत्र. कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, आणि मालकाची सही. या योजनेत दुसऱ्याकडे पगारावर केलेलं कामच धरतात, स्वतःच्या धंद्याचा अनुभव धरत नाहीत. हे वाक्य त्यांनी ठळक केलं होतं. मी ते वाचून सोडून दिलं, कारण माझा कुठे धंदा होता.

मिस्त्रींना पत्राचं सांगितलं तर त्यांनी लगेच बिलबुकातलं एक पान फाडलं आणि तिथल्या तिथे, ट्रॉलीच्या फाळक्यावर ठेवून, पत्र लिहून काढलं. ते मी जपून ठेवलंय. ‘सदर मुलगा माझ्या पाहण्यातला असून अत्यंत गरीब स्वभावाचा आहे. त्यास कसलेही व्यसन नाही, सुपारीसुद्धा खात नाही. आईवडिलांस मान देतो. तरी यास कॅनडा देण्यास आमची हरकत नाही.’ गरीब स्वभावाचा हे वाचून शेडमधली सगळी माणसं हसली.

वकीलबाईंनी विचारलं की यात हायड्रॉलिक कुठे आहे. मग मी बसून कामांची यादी केली. तासांवर अडलं. मिस्त्री म्हणाले, सीझनला आपण घड्याळ कधी बघतो, आणि सीझन नसला की बघायला घड्याळ कशाला लागतं. शेवटी त्यांच्या हजेरीच्या वह्या काढल्या, हिशेब घातला आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास निघाले. लेटरहेड छापायला टाकलं ते लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे. त्याने हौसेने कडेला आंब्याची पानं आणि कोपऱ्यात कलश घातला. तेवढ्यासाठी मी त्याच्याशी भांडून ते पुन्हा छापून घेतलं. अशा रीतीने पत्र गेलं, अर्ज गेला, आणि आमचं वाट बघणं सुरू झालं.

इकडे आईची मोहीम वेगळीच चालू होती. ती मला मुलगी बघत होती. आमच्याकडे हल्ली मुलींकडची माणसं आधी घरी येत नाहीत, आधी फोन करतात. गावातल्या दोन-तीन माणसांचे नंबर मिळवायचे आणि सरळ विचारायचं: पोरगा काय करतो, कमावतो किती, शेती बागायती की कोरडवाहू, पितो का. याला चौकशी म्हणतात. ज्याला फोन येतो त्याने काय बोलायचं, याचीही रीत आहे. आपल्या गावच्या पोराबद्दल चार गोष्टी चढवूनच सांगायच्या. फोन करणारा कोण हे आधी विचारायचंसुद्धा नाही, नाहीतर त्याला वाटतं इथे काहीतरी लपवायचं आहे. जो खरं बोलतो त्याने काडी घातली असं म्हणतात आणि त्याच्याशी बोलणं टाकतात.

माझ्या बाबतीत काडी घातली ती आमच्या चौकातल्या किराणा दुकानदाराने. नेवाशाकडचं एक स्थळ अगदी जमत आलं होतं. त्यांनी दुकानदाराला फोन केला आणि त्याने शांतपणे सांगितलं की पोरगा चांगला आहे, पण गॅरेजला कामाला आहे आणि शेती कोरडवाहू आहे. स्थळ मोडलं. आईने त्याच्याकडून मीठ घेणंसुद्धा बंद केलं. मग तिने पदर खोचला आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडे जाऊन कुणी काय सांगायचं ते नेमून दिलं. शेजारच्या काकांनी शेती बागायती सांगायची. डेअरीवाल्याने गाई दोनाच्या सहा करायच्या. एक दिवस ती बस धरून श्रीरामपूरला आली आणि मिस्त्रींना म्हणाली, “कोनी इचारलं तर पोरगं मालकच हाय म्हना. तुमचं काय जातंय?” मिस्त्री म्हणाले, व्हय. मी तिथेच बसून चहा पीत होतो. मी तिला अडवलं नाही. उलट त्याच आठवड्यात मी बायोडाटा उघडला आणि ‘नोकरी’ खोडून ‘स्वतःचं वर्कशॉप’ केलं. म्हणजे नंतर मी जी आरडाओरड केली तिला मला तोंड नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

अर्ज जाऊन आठ महिने झाले होते. उसाचा सीझन नुकताच लागला होता. एका दुपारी मी टाकळीभानकडच्या एका शेतातलं यंत्र चालू करून शेडवर परत आलो, तर मिस्त्री माझी वाटच बघत होते. त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं एखादी अडकलेली बेअरिंग निघाली.

“तुजं काम केलं आज,” ते म्हणाले.

मग त्यांनी सविस्तर सांगितलं. एका बाईंचा फोन आला होता, बोलणं एकदम शुद्ध. त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाल्या, यांच्याबद्दल थोडी चौकशी करायची होती. एवढं ऐकल्यावर मिस्त्रींनी त्यांना आपण कोण, कुठून बोलतो हे सांगूच दिलं नाही. पोरगा आमचाच आहे, निर्धास्त विचारा, म्हणाले. बाईंनी विचारलं, ते तुमच्याकडे काय काम करतात. मिस्त्री म्हणाले, काम कसलं, मालकच समजा, समदं तोच बघतो. पगार किती? पगार घेत न्हाई, पगार वाटतो. किती वर्षं? पहिल्यापासून त्याचंच हाय. मग बाईंनी आठवड्याचे तास विचारले. तेव्हा मिस्त्री क्षणभर थबकले होते, पण त्यांना वाटलं, पोरगा घरी वेळेवर येतो का हे मुलीकडच्यांना जाणून घ्यायचं असणार. म्हणून त्यांनी सांगितलं की दिवसाचे चार-पाच तास आला तरी पुष्कळ, आणि गाव सोडून एक रात्र बाहेर राहत नाही, कुठं जायचा प्रश्नच नाही. वर शेवटी म्हणाले, मुलगी डोळे झाकून द्या.

मी विचारलं, बाई काय म्हणाल्या. मिस्त्री म्हणाले की त्या धन्यवाद म्हणाल्या. लई शिकलेलं घर दिसतंय.

मी इतका खूश झालो की कुणी कुठून फोन केला हे विचारायचं राहून गेलं. संध्याकाळी आईने विचारलं म्हणून मी मिस्त्रींकडून नंबर मागवला. नंबर दिल्लीचा होता. आई म्हणाली, सरकारी नोकरीतले असतील, बदली झाली असेल दिल्लीला. मला ते पटलं. हसू नका, खरंच पटलं. आईने दिवाणखान्यातल्या गाद्यांचे अभ्रे धुतले आणि आठ दिवस आम्ही दिल्लीच्या पाहुण्यांची वाट बघितली.

आले ते पत्र. वकीलबाईंनी ते मला पाठवलं आणि वर फक्त दोन ओळी लिहिल्या: सवडीने नको, आत्ता वाच, आणि यातली मुलगी कोण?

पत्र सरकारी होतं, म्हणून थंड होतं. आपल्या अनुभवपत्रात आपण कामगार असल्याचं म्हटलं आहे. परंतु पत्रावर सही करणाऱ्या व्यक्तीने आमच्या दिल्ली कार्यालयातील मराठी जाणणाऱ्या अधिकाऱ्यास दूरध्वनीवर सांगितलं की आपण व्यवसायाचे मालक आहात, दिवसाला चार ते पाच तास येता, आणि गाव सोडून जाण्याचा आपला विचार नाही. त्याच व्यक्तीने अधिकाऱ्यास मुलगी देण्याची शिफारसही केली. तरी तीस दिवसांत खुलासा करावा. खुलासा न पटल्यास अर्ज खोटी माहिती दिल्याबद्दल नाकारला जाईल आणि पुढची काही वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही.

मी तापलो. तसाच गाडी काढून शेडवर गेलो आणि सगळ्यांसमोर मिस्त्रींना वाटेल ते बोललो. नऊ वर्षांत मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी मी म्हणालो की तुम्ही माझं वाटोळं केलं. मिस्त्रींना आधी खरंच वाटेना.

“कॅनडा मराठीत कशाला बोलंल?” ते म्हणाले.

मी पत्र वाचून, मराठी करून सांगितलं. ‘मुलगी देण्याची शिफारस’ आली तेव्हा मागे कुणीतरी फुसकन हसलं. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी ग्राइंडर उचलला, चालू केला आणि समोर घासायला काही नसताना तसाच हातात धरून उभे राहिले. मी निघून आलो. घरी आईवरही ओरडलो. ती म्हणाली की मी खोटं मुलीवाल्यांना सांगायला लावलं होतं, सरकारला नाही, सरकारने मधे कशाला तोंड घातलं. शेवटी वडिलांनी तोंड उघडलं. ते म्हणाले, बायोडाटा कुणी लिहिला?

दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्याशेजारी उभा राहून मी परीक्षेसाठी घोटलेल्या इंग्रजीत वकीलबाईंना सगळं समजावलं. त्यांनी मधे फार कमी प्रश्न विचारले, पण एकेक नेमका. मुलीकडच्या लोकांना हे खोटं असतं हे माहीत असतं का? म्हटलं, असतं. मग ते विचारतात कशाला? मी थोडा विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच केला असेन. म्हणालो, आम्ही दुप्पट सांगतो, ते निम्मं धरतात, त्यामुळे शेवटी बरोबर कळतं. त्यात एखाद्याने खरंच सांगितलं तर त्याचंही निम्मंच धरतात, म्हणून खरं सांगून चालत नाही. मग त्या म्हणाल्या की हे असंच्या असं लिहून काढ, आणि याला पुरावे दे.

पुरावे म्हणजे हजेरीच्या नऊ वह्या, तो गणपतीचा बायोडाटा, मिस्त्रींचं प्रतिज्ञापत्र, आणि गावातल्या एखाद्या तटस्थ माणसाचं प्रतिज्ञापत्र की मी मालक नसून कामाला आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तटस्थ माणूस शोधताना आमची पंचाईत झाली. आईने सगळ्यांना इतकं चोख पढवून ठेवलं होतं की शेजारचे काका सहीच्या आधी विचारू लागले, आता शेती बागायती सांगायची की कोरडवाहू. माझ्याबद्दल परक्या माणसाला आजवर खरं सांगितलेला सगळ्या गावात एकच इसम होता.

आई स्वतः त्याच्या दुकानात गेली. तिने आधी मीठ घेतलं, मग साखर, मग नको असताना काडेपेट्या घेतल्या, आणि मग विषय काढला. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. “मी तवाच खरं बोललो हुतो, वैनी,” तो म्हणाला आणि प्रतिज्ञापत्र लिहून द्यायला तयार झाला. एवढंच नाही, तर नेवाशाच्या त्या स्थळाचा फोन कधी आला होता तेही त्याने सांगितलं. त्याच्या लक्षात होतं, कारण त्या दिवसापासून आमचं गिऱ्हाईक तुटलं होतं.

मिस्त्रींशी मी त्या दिवसापासून कामापुरतंच बोलत होतो. प्रतिज्ञापत्राचं सांगितलं तर ते लगेच हो म्हणाले. ठरल्या दिवशी ते इस्त्रीचे कपडे घालून आले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं फक्त मुलींच्या लग्नांत बघितलं होतं. तहसील कचेरीसमोर टेबल टाकून एक नोटरी बसतात. त्यांनी मजकूर आधीच टाईप करून ठेवला होता, तो वाचून दाखवायला सुरुवात केली. मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर इसम माझ्याकडे नऊ वर्षे पगारी मेकॅनिक म्हणून कामास आहे. मिस्त्री म्हणाले, बरोबर. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम करतो. बरोबर. फोनवर दिलेली माहिती मी स्थळाची चौकशी समजून चुकीची दिली. मिस्त्री म्हणाले, हां. सदर वर्कशॉपमध्ये त्याचा मालकी हक्क, हिस्सा वा हितसंबंध आज रोजी नाही व भविष्यातही राहणार नाही.

मिस्त्रींनी पेन घेतलेला हात मागे घेतला. ते शेवटचं पुन्हा वाचा म्हणाले. नोटरींनी पुन्हा वाचलं.

“आज न्हाई, ते बराबर हाय,” मिस्त्री म्हणाले. “फुडचं कशाला लिव्हलं?”

नोटरी म्हणाले, असंच लिहायची पद्धत आहे, भावाभावांच्या वाटणीलाही हेच लिहितो. आणि हे तर परदेशाचं काम, पक्कं पाहिजे. मिस्त्रींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे न बघता, कागदाकडेच बघत ते बोलले.

“त्या बाईला मी खोटं न्हाई बोललो. जरा लवकर बोललो.”

मला समजायला वेळ लागला. मग दोन पांढरे शर्ट आठवले, शेडच्या दारात उभे. हजेरीच्या वह्यांच्या कपाटाची किल्ली गेली दोन वर्षं माझ्याकडे होती ते आठवलं. नवीन हार्वेस्टर घेतलेला माणूस आला की मिस्त्री मुद्दाम लांब जाऊन बसायचे आणि त्याला माझ्याशी बोलायला लावायचे, ते आठवलं. हे सगळं मी आळस समजत होतो. ज्या माणसाला मी चारचौघांत वाटोळं केलं म्हणून बोललो होतो, तो माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, आपली इच्छा खोटी ठरवणाऱ्या कागदावर सही करायला आला होता. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण समोर नोटरी होते, मागे सातबाऱ्यासाठी आलेल्या लोकांची रांग होती, म्हणून मी नेहमीसारखा तापलो.

“खोडा ती ओळ,” मी नोटरींना म्हणालो.

ते म्हणाले की खाडाखोड असली की परदेशातल्या माणसाला संशय येतो, अर्ज फिसकटला तर माझ्याकडे येऊ नका. सगळे महिने, पहाटेची रेंज, बर्फातला तो माणूस डोळ्यांसमोर आला. पण मी म्हणालो, फिसकटू द्या. त्यांनी ‘व भविष्यातही राहणार नाही’ एवढ्यावर रेघ मारली. शेजारी मिस्त्रींनी सही केली. मग शिक्का बसला. परत येताना मिस्त्री गाडीवर माझ्या मागे बसले होते. शेडवर उतरल्यावर ते म्हणाले की टाकळीभानच्या यंत्राचा पंप पुन्हा आवाज करतोय, जाऊन बघ.

वकीलबाईंनी अर्थातच विचारलं की खोडलेल्या ओळीत काय आहे. मी लिहिलं: यात म्हटलं होतं की पुढेही माझा त्या वर्कशॉपात हिस्सा नसेल. पुढचं शपथेवर सांगणं मालकांना शक्य नाही. त्यांचं तासाभराने उत्तर आलं, की बरोबर आहे, पुढचं कुणालाच सांगता येत नाही, हे असंच राहू दे. दोन्ही कागद, गणपतीसकट, एकाच फाईलमध्ये गेले.

तीन महिन्यांनी परवानगी आली. आईने किराणा दुकानातूनच पेढे घेतले, बहुतेक त्या मोडलेल्या स्थळावरून त्याला खिजवायला. गावात बातमी फुटली आणि ज्यांनी कधी विचारलं नव्हतं त्यांचे फोन सुरू झाले. मिस्त्रींना मी हा सीझन संपेपर्यंत थांबतो असं सांगितलंय. त्यांनी मान डोलावली आणि माझ्यासाठी नवीन पान्यांचा सेट मागवलाय. तिकडे पाने मिळतात, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

परवा मी यंत्राखाली आडवा होतो, तेव्हा मिस्त्रींच्या फोनची रिंग वाजली. आता त्यांची रीत बदलली आहे. त्यांनी आधी फोन करणाऱ्याचं पूर्ण नाव विचारलं, मग गाव, मग तालुका, मग आपण सरकारतर्फे तर बोलत नाही ना तेही विचारून घेतलं. तो राहुरीकडचा मुलीचा बापच होता. मग मिस्त्रींनी घसा साफ केला आणि प्रतिज्ञापत्र पाठ म्हणून दाखवलं. पोरगा नऊ वर्षं माझ्याकडे पगारी मेकॅनिक म्हणून कामाला आहे. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. शेती कोरडवाहू. स्वभाव तापट. मी यंत्राखालून बाहेर यायला निघालो, म्हटलं आता फोन काढून घेतलेला बरा. तेवढ्यात पलीकडच्याने बहुधा बायोडाट्यातलं वर्कशॉपचं विचारलं असावं, कारण मिस्त्री एकदम थांबले. त्यांनी माझ्या बाहेर आलेल्या पायांकडे बघितलं.

“मालक न्हाई,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, आवाज जरा खाली आणून म्हणाले, “आजून न्हाई.”